ताईच्या गुडघ्यासाठी केलेली प्रार्थना

हागी, १८ मे, शनिवार

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या तोकुझोचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकून. कंबर धरली आहे, त्यामुळे सध्या रस्त्यात भेटेल त्याला आपोआपच नमस्कार घडतो आणि गावात माझं वळण फार चांगलं आहे असा समज पसरला आहे.) इकडे भिंतींवरून उन्हाळी संत्र्यांच्या फांद्या बाहेर आल्या आहेत आणि फुलांचा वास इतका, की परवा तुझी भावजय सुमी म्हणाली, आपल्या माशांच्या वड्यांनासुद्धा तोच वास लागलाय. तिकडे हाकोदातेला तुझी रॉकेलची शेगडी अजून पेटत असेल, की मे महिना पाहून तरी तिला सुट्टी दिलीस? जेवतेस ना वेळेवर? एकटीसाठी काय रांधायचं म्हणून नुसत्या भातावर चहा ओतून खात नाहीस ना? गुडघ्याचं मात्र मी मुद्दाम विचारत नाही, कारण हे पत्र गुडघ्याचंच आहे. निदान सुरुवात तरी गुडघ्यापासूनच झाली.

फोन न करता पत्र का लिहितो, असं विचारशील. तर फोनवर तू "हं, बोल" म्हणतेस, मग वीस मिनिटं स्वतः बोलतेस आणि "तुझं सगळं ठीक ना" असं म्हणून ठेवून देतेस. आज मला मधे न अडवणारी ताई हवी होती, ती कागदावरच मिळते. तेव्हा कृपा करून बसून वाच, चहाचा पेला हाताजवळ ठेवू नकोस (तो सासूबाईंचा निळा तर नकोच नको), आणि मधल्या पानावर संतापून पत्र फाडू नकोस. येत्या गुरुवारी दुपारी चार वाजता तू घरी असशील का, आणि असलीस तर दार उघडशील का, असा एक प्रश्न या पत्राच्या पोटात आहे. त्याच्यावर एका माणसाचं सगळं अवलंबून आहे. कोण ते शेवटी सांगतो.

एप्रिलात तुझा हुकूम आला, की शिरानेच्या देवळात जाऊन माझ्या गुडघ्यासाठी रीतसर प्रार्थना करून घे. मी म्हटलं, हाकोदातेत काय देव नाहीत? तर तू म्हणालीस, आहेत, पण हा गुडघा त्यांच्या ओळखीचा नाही. सहा वर्षांची असताना तू शिरानेच्याच पायरीवर पडलीस, तिथेच तो फुटला, तेव्हा दुरुस्तीही तिथल्याच देवानं केली पाहिजे. (हे तू एखाद्या दुकानदाराला माल परत करावा तशा आवाजात म्हणालीस.) शिवाय अट घातलीस, की यातलं कुणाला काही कळता कामा नये, ओतोमेला तर नाहीच. गावात लोक म्हणायला नकोत, शिझुए म्हातारी झाली. ताई, तू म्हातारी झालीस असं गावात आता कुणीही म्हणत नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. ते कसं झालं, ऐक.

गेल्या रविवारी सकाळी निघालो. बरोबर माझा एक जुना ताईतही घेतला होता, शाळेत असताना परीक्षेसाठी आईनं आणून दिलेला तो. सुमीला कपाट आवरताना सापडला. जुने ताईत घरात साठवू नयेत, देवळात नेऊन जाळायला द्यावेत, असं तू मला पन्नास वर्षं सांगते आहेस. म्हटलं, एका खेपेत तुझ्या दोन आज्ञा पाळू. (तो परत करायचा राहिलाच. त्याचंही शेवटी.) देवळाच्या पायऱ्या तेवढ्याच आहेत, एकशे त्र्याण्णव, फक्त प्रत्येकीची उंची वाढली आहे. एकशे दहाव्या पायरीवर मागून हाक आली, "अगंबाई, तोकुझो, सकाळी सकाळी?" ओतोमे. भाताच्या पापडांचं दुकान पोराला देऊन ती आता पूर्ण वेळ गावाची चौकशी करते. "काय मागायला निघालास?" मी म्हणालो, काही नाही, सहज. ती म्हणाली, "सहज कुणी एकशे त्र्याण्णव पायऱ्या चढतं होय?" आणि माझ्या पुढे निघाली. ताई, तिचं वय तुझ्याएवढंच, पण तिचे गुडघे पाहिले तर देव कुणाचं ऐकतो हे लक्षात येतं.

हातपाय धुण्याच्या टाकीपाशी हात धुतले, चूळ भरली आणि कार्यालयाच्या खिडकीशी गेलो. तिथे प्रार्थनेचा छापील कागद देतात. नाव, पत्ता, वय जुन्या पद्धतीनं मोजून, आणि खाली मागण्यांची यादी: घरात सुख, व्यापारात बरकत, परीक्षेत यश, सुखरूप बाळंतपण, गाडीला अपघात न होवो, आजार बरा होवो, चांगलं स्थळ जुळो. हव्या त्या मागणीभोवती गोल करायचा. आता गंमत अशी झाली, की चष्मा मी न्हाणीघरात विसरलो होतो. अक्षरं सगळी मुंग्यांसारखी. तुझं नाव, हाकोदातेचा पत्ता आणि वय मी पाठ असल्यामुळे नीट लिहिलं, आणि आजाराच्या जागी अंदाजानं एक चांगला ठसठशीत गोल मारला. कागद आत सरकवला, बुटांच्या कप्प्यात बूट ठेवले, आणि ओतोमेच्या शेजारी सभामंडपात जाऊन मांडी घातली. तुझं गुपित सांभाळल्याबद्दल मला मनातून फार बरं वाटत होतं.

मंडपात गर्दी बेताची. एक तान्हं बाळ आणि त्याच्या दोन आज्या (बाळ कुणी धरायचं यावरून दोघींचा अबोला), नव्या गाडीचा एक तरुण मालक, आणि पुढच्या ओळीत देवळाच्या बागेची माणसं, वर्षभर शिडीवरून कुणी पडू नये म्हणून दरसाल प्रार्थना करायला बसतात ती. नवे गुरुजी तिशीचे आहेत, पण गळा असा दमदार, की खालच्या बंदरातल्या होड्यांनाही आशीर्वाद मिळावा. आणि तू हे विसरली होतीस, ताई, हाकोदातेत राहून विसरली असशील, मीही आयत्या वेळी विसरलो: शिरानेचे गुरुजी कागद मनात वाचत नाहीत. देवाला घोळ नको म्हणून ते सगळं मोठ्यानं, सावकाश, सुरात वाचतात. बाळाचं झालं, गाडीचं झालं. मग त्यांनी तुझा कागद धरला. हाकोदाते शहर, यानागावा पेठ, चौथी गल्ली, घर क्रमांक अकरा, कुवाबारा शिझुए, वय वर्षं चौऱ्याहत्तर (तू तिकडे अडुसष्ट सांगतेस ते मला माहीत आहे, पण देवापुढे खोटं कसं लिहू?), आणि इथे त्यांनी श्वास घेतला, या भक्तिणीस लवकरात लवकर उत्तम स्थळ जुळून येवो.

अबोला धरलेल्या दोन आज्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्यांचा अबोला संपला. ओतोमेनं माझ्या बरगडीत कोपर मारलं. गाडीवाला पोरगा अगदी मनापासून वाकला, तुझ्यासाठी. आणि पुढच्या ओळीतला सगळ्यात म्हातारा माळी मात्र वाकलाच नाही. सगळे वाकले, उठले, पुन्हा वाकले, तो आपला ताठ, कुणीतरी मानेवर बर्फ ठेवल्यासारखा. ढोल वाजून संपला तेव्हा त्यानं मान वळवून मागे पाहिलं. मुनेओ.

तू म्हणशील, कोण मुनेओ, मला नाही आठवत. म्हणून आठवण करून देतो. बागेतल्या माळ्याचा मुलगा, तुझ्याहून वर्षभरानं मोठा, पाइनची सुई न् सुई हातानं विंचरायचा तो. तुझी आणि त्याची तळ्याकाठी शेवाळ साफ करताना ओळख वाढली आणि शेवाळ फारच स्वच्छ व्हायला लागलं, तेव्हा बाबांच्या लक्षात आलं. तिकडे हाकोदातेच्या जहाज कचेरीतलं स्थळ सांगून आलेलं. आईला मुनेओ चालत होता. बाबा म्हणाले, भांडण नको, मुनेओचं देवाला विचारू. आणि देवळातली भविष्याची चिठ्ठी काढायला मला पाठवलं, पंधरा वर्षांच्याला, माझी हायस्कूलची प्रवेश परीक्षा चार दिवसांवर असताना. कारण आई म्हणाली, याच्या हाताला अजून पाप लागलेलं नाही. मी चिठ्ठी आणली. महाअशुभ. आईनं ती तळ्याकाठच्या पाइनच्या फांदीला बांधली, म्हणजे अशुभ तिथेच राहावं, आणि चार महिन्यांनी तू उत्तरेकडे गेलीस. भावजी देवमाणूस निघाले, त्यांच्याबद्दल माझ्या मनात एक शब्द वाकडा नाही. पण स्टेशनवर तू आगगाडीच्या खिडकीतून कुणाला शोधत होतीस, ते मी पाहिलं होतं.

असो. प्रार्थना संपल्यावर मी बूट हातात घेऊनच पळ काढत होतो, तेवढ्यात मुनेओनं मला बागेच्या वाटेवर गाठलं. आत बरंच चालत नेलं, आणि मग वळून वाटेच्या मधोमध काळ्या दोरीनं बांधलेला तो दगड ठेवला. त्याचा अर्थ पुढे जाऊ नये, वाट बंद, हे गावातलं पोरही जाणतं. माझ्या उभ्या आयुष्यात तो दगड कुणी ओलांडलेला मी पाहिला नाही. आम्ही दोघं आत, ओतोमे बाहेर. ती दगडाच्या पलीकडे उभी राहून नुसती मान लांब करत होती.

"तोकुझो, ती प्रार्थना तिनं करायला सांगितली?" त्यानं विचारलं.

"प्रार्थना तिनंच करायला सांगितली," मी म्हणालो. (शब्द न् शब्द खरा.)

"आणि काय म्हणाली?"

"म्हणाली, कुणाला कळू देऊ नकोस." (हेही खरं. ताई, खरं बोलून माणूस केवढ्या अडचणीत येतो हे मला सहासष्टाव्या वर्षी समजलं.)

तो तळ्याच्या काठावर बसला. मासे तोंड उघडून जवळ आले, त्यांना काही मिळालं नाही. त्याची बायको जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगी हिरोशिमाला. अजून शिडी चढतो. हाताच्या घट्ट्यातली पाइनची सुई काढून तो म्हणाला, "तेव्हा देवानं नाही म्हटलं. मी त्याच्याशी भांडलो नाही. एक्कावन्न वर्षं त्याच्याच अंगणातली पानं वेचली. आणि आज त्याच्याच पुढ्यात तिचं नाव निघतं. नुसतं नाव निघालं असतं तर मी गप्प बसलो असतो रे. पण पत्ता सांगितला. गल्ली सांगितली, घराचा नंबर सांगितला. देव कुणाला उगाच पत्ता सांगेल?"

मग त्यानं विचारलं, की तिकडे पाइन आहेत का, तुला अजून लाल डाळीचं पुरण भरलेले गोळे आवडतात का, आणि गुडघा कसा आहे. गुडघ्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. "ती सहा वर्षांची असताना पडली तेव्हा मीच उचलून नेली होती," म्हणाला, "थंडीत दुखणारच." तेवढ्यात मागे धप्प असा आवाज झाला. ओतोमेनं दगड ओलांडला नव्हता, तेवढी ती रीतीची आहे. पण ऐकण्याच्या नादात दगडावरून इतकी पुढे झुकली, की सबंध बाई आयरिसच्या वाफ्यात आडवी झाली. आम्ही तिला काढलं. चिखलात बसूनच तिनं पहिला प्रश्न विचारला, "मग जातोयस का?"

त्या दिवशी दुपारी मुनेओनं तळ्याकाठच्या पाइनची एक फांदी बुंध्यापासून कापली. एक्कावन्न वर्षांत त्याची कात्री चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. गुरुजी धावत आले, म्हणाले, आजोबा, हे काय केलंत, ही फांदी तर चित्रांतसुद्धा आहे. मुनेओ म्हणाला, कीड होती. कुठली फांदी ते मी सांगायला नको. आईचा हात तिथवर पोचायचा, एवढंच. आता त्या जागेतून थेट समुद्र दिसतो आणि मला विचारशील तर बाग आधीपेक्षा बरी दिसते.

तेव्हापासून गावात माझी सोय राहिलेली नाही. न्हाव्याकडे गेलो तर तो म्हणतो, ताईंना आमच्या शुभेच्छा. टपालवाला मुद्दाम थांबून विचारतो, उत्तरेकडून काही आलं का. ओतोमेनं पापडांचा एक मोठा डबा आणून दिला आहे, वर लाल-पांढरा दोरा बांधून, जणू साखरपुडा कालच झाला. आणि देवळातून तुझ्या नावाचा स्थळ जुळण्याचा ताईत मिळाला आहे, तो सोबत पाठवतो. फेकू नकोस, ताईत फेकू नये. हवं तर गुडघ्याला बांध.

झालं ते हे असं आहे. चूक एका गोलाची आणि विसरलेल्या चष्म्याची, बाकी सगळं देवाचं. तू रागावशील हे उघड आहे. पण तू रागावलीस की दोन दिवस बोलत नाहीस आणि तिसऱ्या दिवशी मला सुकवलेलं माकूळ पाठवतेस, त्यामुळे तुझ्या रागाची आमच्या घरात वाटच पाहतात. शेगडी जपून वापर. सुमीचा नमस्कार.

तुझाच,
बूट हातात घेऊन पळालेला,
तोकुझो

ता. क. सोबत माशांच्या वड्या आहेत, आपल्याच कारखान्यातल्या. एकीच्या मानानं जास्त आहेत असं वाटेल. तशाच ठेवल्या आहेत.

आणखी ता. क. मुनेओ मंगळवारी निघतो आहे. विमानात बसायला तयार नाही, म्हणतो जमिनीवरून जाणार, झाडं बघत. हिरोशिमाच्या पलीकडे तो जन्मात गेलेला नाही. नवी टोपी घेतली आहे, ती त्याला शोभत नाही, हसू नकोस. पत्त्याचा कागद त्यानं माझ्याकडून घेतला नाही. म्हणाला, ऐकलाय, पाठ आहे. गुरुवारी दुपारी चार. ताई, तुला लग्न कर असं कोण म्हणतं? चहा दे. पण दार उघड. आतून "घरात कुणी नाही" असं ओरडू नकोस, तुझा आवाज तो ओळखेल.

आणखी एक. सुमीनं पत्र वाचलं आणि म्हणाली, चष्म्याचं खरं लिहा, नाहीतर पाकिटावर मी लिहीन. लिहितो. चष्मा नाकावर होता. खिडकीतून मंडप दिसत होता आणि पुढच्या ओळीत मुनेओचं टक्कल. गोल मी बघून मारला. सावकाश.

शेवटचं, आणि हे सुमीलाही माहीत नाही. त्या सकाळी जुने ताईत टाकायच्या पेटीपुढे मी माझा परीक्षेचा ताईत उघडला. ताईत उघडू नये हे मला ठाऊक आहे, पण त्यात मीच काय कोंबलं होतं तेही ठाऊक होतं. बाबांनी पाठवलं त्या दिवशी मी दोन चिठ्ठ्या काढल्या होत्या, ताई. पहिली तुझी. महाशुभ. मग म्हटलं, आलोच आहे तर आपल्या परीक्षेचंही बघू. दुसरी निघाली महाअशुभ. परीक्षा चार दिवसांवर, आणि मी गणितात असा कच्चा. मी विचार केला, ताईला काय, तिला कुणीही करील; मला गणित कोण सोडवून देणार? आणि पहिली माझ्या ताईतात कोंबून बाबांच्या हातात दुसरी ठेवली. एक्कावन्न वर्षं सांगेन सांगेन म्हणत राहिलो. आधी बाबा होते, मग भावजी होते, मग तू एकटी झालीस आणि मला धीरच झाला नाही. क्षमा कर असं लिहायचीही लाज वाटते. तुझी चिठ्ठी सोबत आहे, घडीवर फाटली आहे, जपून उघड. तिच्यात 'प्रवास' या शब्दापुढे लिहिलंय, 'उत्तरेकडचा चांगला'. आणि 'ज्याची वाट पाहता' याच्यापुढे, 'उशिरा, पण येईल'.

परीक्षेत मी नापास झालो होतो, तुला आठवत असेल. चिठ्ठी माझी नव्हतीच, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.